पेप्टाइड इंजेक्शन: तयार लिक्विड की फ्रीज ड्राय पावडर?
रबाळे एमआयडीसीत चहाच्या टपरीवर हाच वाद रोज, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. पेप्टाइड म्हणजे अमिनो ॲसिडची छोटी साखळी.

लिक्विड म्हणजे पेशंटची चैन, पेन काढलं की टोचलं, पण बनवणाऱ्याची झोप उडते. पाण्यात पेप्टाइड गप्प बसतच नाही, डीअमिडेशन होतं (साखळीतल्या काही कड्यांचा अमाइड गट जातो), साखळी तुटते, नाहीतर रेणू एकमेकांना चिकटून फायब्रिल, म्हणजे बारीक तंतू होतात, आणि पीएच जरा सरकला की गेम. लिराग्लुटाइड या डायबिटीसच्या इंजेक्शनचा पीएच ८.१५ च्या आसपास ठेवतात ते उगाच नाही. जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हची (वाफेच्या कुकरची) १२१ डिग्री बहुतेक पेप्टाइडला झेपत नाही, मग जंतू गाळायला ०.२२ मायक्रॉन फिल्टर आणि असेप्टिक फिलिंग, म्हणजे निर्जंतुक जागेत भरणं. मोठ्या बॅचला अजून ताप, पंप आणि मिक्सर जोरात फिरवले की फेस येतो, हवा-पाण्याच्या कडेवर पेप्टाइड बिघडायला लागतं, लॅबमधल्या बीकरमध्ये हे दिसतसुद्धा नाही!

पावडरचं उलटं. पाणीच काढलं तर भांडण कसलं, ग्लुकागॉन (रक्तातली साखर फार उतरली की द्यायचं इंजेक्शन) म्हणून तर वर्षानुवर्षं पावडर किटमध्येच यायचं, पाणी न वापरता डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये बनवलेलं तयार लिक्विड अमेरिकेत २०१९ ला मंजूर झालं. पण लायोफिलायझरच्या, म्हणजे फ्रीज ड्राय करायच्या मशीनच्या, एका सायकलला दिवसच्या दिवस जातात, वीजबिल विचारू नका, आणि घरी आजोबांनी पावडर कालवताना व्हायल खळाखळा हलवली की झालं.

रोजचं इंजेक्शन असेल, मल्टीडोस पेन असेल तर मी लिक्विडच म्हणेन, २ ते ८ डिग्रीची कोल्ड चेन सांभाळायची तयारी ठेवून. मे महिन्यात ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये टेम्पो अडकला की मात्र पावडरवाले गालात हसतात.