एएमटी की टॉर्क कन्व्हर्टर? आधी तुमचा रस्ता सांगा

‘ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल पिते’ असं घरातली मोठी माणसं म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. टॉर्क कन्व्हर्टर या ऑटोमॅटिकच्या जुन्या प्रकारात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असतं ते तेल. इंजिनाकडचं पात्यांचं चक्र तेल फेकतं, त्या जोरावर समोरचं चक्र फिरतं, पण ते कायम थोडं मागे पडतं. मधला फरक तेल तापवण्यात जातो.

लॉक-अप हा त्यावरचा इलाज. कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच असतो. वेग स्थिरावला की तेलाच्या दाबाने तो चिकटतो आणि दोन्ही बाजू एकजीव फिरू लागतात. पॅकार्ड या अमेरिकन गाडी कंपनीने १९४९ मध्येच हे केलं होतं, पण सर्रास झालं ते सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटानंतर.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन; वॅगन आर, पंच) म्हणजे आपला मॅन्युअल गिअरबॉक्सच; क्लच दाबणं आणि गिअर बदलणं फक्त तुमच्याऐवजी यंत्र करतं. स्वस्त, मायलेज मॅन्युअलच्या जवळपास. गिअर बदलताना मान डुलते, त्याची बहुतेकांना सवय होते.

सवय होत नाही ती घाटाची. खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे रांगताना एएमटीचा क्लच पुन्हा पुन्हा अर्धवट घासतो. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत, तर क्लच जळल्याचा वास येईलच. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (ब्रेझा, डिझेल क्रेटा) तिथे घसरतं ते तेल, आणि गाडी जागेवरून सुटतानाचा जोर तर जवळपास दुप्पट होऊन मिळतो. पण अशा रांगण्यात लॉक-अप बहुधा सुटलेलाच, म्हणजे इंधन जास्त.

म्हणून माझं मत: सपाट शहर, एकटं ऑफिस, बजेट ताणलेलं असेल तर एएमटी घ्या. महिन्यातून दोनदा गावी घाट चढून जाणार आणि मागे आईवडील बसणार असतील, तर कन्व्हर्टरचे वरचे पैसे मोजा. हायवेवर लॉक-अप लागलेला असतो, तिथे मायलेजचा फरक बराच मिटतो.

कन्व्हर्टरवाल्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ७०च्या स्थिर वेगात ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला नुसता स्पर्श करा. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा दोनतीनशे वर उडाला, तर समजा लॉक-अप लागलेला होता आणि आत्ता सुटला. जुनी गाडी बघत असाल आणि त्याच वेगात रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं ते आधी विचारा, भाव नंतर.