भिंत की जलसा?

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ला विधिमंडळात झाला, नामविस्तार (जुन्या नावाला आंबेडकरांचं नाव जोडणं) मात्र १४ जानेवारी १९९४ला. मधली साडेपंधरा वर्षं मराठवाड्यात घोषणा रंगवलेल्या भिंतीही बोलल्या, चळवळीच्या गाण्यांचे जलसेही. यातलं जास्त कामाचं कोणतं?

भिंतीला खर्च कमी. चुन्यात नीळ, काठीला चिंधी, रात्रीचे दोन तास. सकाळी एसटीतून उतरणारा वाचणारच, विरोधकसुद्धा! पण कुणी वरून चुन्याचा हात मारला की संपलं; शिवाय १९९५पासून विद्रूपीकरणाचा कायदा आहेच.

जलशाला माणसं जमवा, डफ-ढोलकी आणा, अन् समोर बसणार बहुतेक आपलेच. गाणं मात्र पुसता येत नाही, हे खरं.

तरी मला विचाराल तर भिंतच. आमच्या पारामागे ‘जय’ एवढंच उरलंय, त्या अक्षरांचा निळा ओघळ पार जोत्यापर्यंत आलाय.