बेसबॉल-रेफरन्स: हरलेल्या पिचरचा हिशेब चोख ठेवणारी साइट

गोल्फ क्लब मैदानावर रणजी सामन्याला स्कोअरची वही उघडून बसणारे लोक नाशिकमध्ये आहेत. त्यांच्यापैकी कुणाला बेसबॉलची गोडी लागली असेल, तर बेसबॉल-रेफरन्स ही साइट त्यांच्यासाठीच आहे. २००० साली शॉन फोरमन यांनी ती सुरू केली. बॉक्स स्कोअर, म्हणजे एका सामन्याचं पूर्ण स्कोअरकार्ड, बघायला पैसे लागत नाहीत. जाहिराती भरपूर आहेत, व्हिडिओ नाही. पण हायलाइट्समध्ये जिंकणाऱ्याचा होमरन (सहसा कुंपणापलीकडे मारलेला, थेट धाव देणारा फटका) तेवढा उरतो आणि हरलेल्या बाजूचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, गायब होतो. तो इथे सापडतो.

सुरुवात २६ मे १९५९ च्या पिट्सबर्ग-मिलवॉकी सामन्यापासून करावी. पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सने सलग १२ इनिंग एकही बॅटर बेसवर (धाव घेताना गाठायच्या टप्प्यावर) जाऊ दिला नाही. ३६ आले, ३६ आउट. पिचरच्या तक्त्यात त्याच्यापुढे १२.२ दिसेल. ही दशांशातली संख्या नाही. आपण षटकं लिहितो तसंच वाचायचं: १२ पूर्ण इनिंग आणि पुढच्या इनिंगमधले दोन आउट. फरक इतकाच की टिंबानंतर १ किंवा २ च येतो, कारण तिसऱ्या आउटला इनिंग संपते.

त्याच ओळीत ‘जीएससी’ हा रकाना आहे, म्हणजे गेम स्कोअर. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं हे सूत्र वहीतही मांडता येतं. ५० पासून सुरू करा. प्रत्येक आउटला १, चौथ्या इनिंगनंतर पूर्ण केलेल्या प्रत्येक इनिंगला २, प्रत्येक स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बाद) १ मिळवा. हिटला (बॅटरला बेस मिळवून देणाऱ्या फटक्याला) २, अर्न्ड रनला (पिचरच्या खात्यातली धाव) ४, अनर्न्ड रनला (क्षेत्ररक्षणातल्या चुकीमुळे आलेली धाव) २, वॉकला (चार बॉलवर फुकट मिळालेला पहिला बेस) १ वजा करा. हॅडिक्स: ५० + ३८ + १६ + ८, वजा हिटचे २, वॉकचा १, अनर्न्ड रनचे २. एकूण १०७. केरी वुडने १९९८ साली २० स्ट्राइकआउट घेतले तो सामना सगळ्यांना पाठ आहे. त्याचा स्कोअर १०५. हॅडिक्स मात्र १-० ने हरला. १९९१ मध्ये नो-हिटरची (एकही हिट न देता पूर्ण केलेल्या सामन्याची) व्याख्या बदलली तेव्हा त्या यादीतूनही त्याचं नाव गेलं, कारण तेराव्यात हिट बसला होता.

तेराव्यात काय झालं, ते खालच्या प्ले-बाय-प्ले तक्त्यात ओळीने आहे. आधी ‘ई५’. ‘ई’ म्हणजे एरर, आकडा क्षेत्ररक्षकाचा: १ पिचर, २ कॅचर, ३ ते ५ पहिला, दुसरा आणि तिसरा बेसमन, ६ शॉर्टस्टॉप, ७ ते ९ डावीकडून उजवीकडे आउटफिल्डर. म्हणजे तिसरा बेसमन डॉन होकची चूक. मग बंट (बॅट नुसती टेकवून हळू ढकललेला चेंडू), हँक आरनला मुद्दाम दिलेला वॉक आणि जो ॲडकॉकचा फटका. हा चेंडू कुंपणापलीकडे गेला होता. पण ॲडकॉक धावताना आरनच्या पुढे गेला, म्हणून नोंद डबलची, म्हणजे दोन बेसच्या फटक्याची.

आता २३ ऑगस्ट २०१७ चं पान उघडा. डॉजर्सच्या रिच हिलने पिट्सबर्गमध्ये आठ इनिंग निर्दोष टाकल्या. नवव्यात पुन्हा ‘ई५’, या वेळी लोगन फोर्साइथ. दहाव्यात जॉश हॅरिसनचा होमरन, सामना १-० ने गेला. हिलचा गेम स्कोअर ९१. २५ जून २०१० ला एडविन जॅक्सनने १४९ चेंडूंत नो-हिटर पूर्ण केला, आठ वॉक दिले, स्कोअर ८५. जॅक्सनचं नाव यादीत आहे, हिलचं नाही. या दोन ओळी शेजारी ठेवून बघण्यासाठी तरी ही साइट वापरावी.

त्रास कुठे होतो? तारीख अमेरिकेची असते. तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सुरू होणारा पूर्वेकडचा सामना आपल्याकडे पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी लागतो, म्हणून नाशिकमध्ये २४ तारखेला पाहिलेला सामना २३ मध्ये शोधा. पत्त्याच्या शेवटी यजमान संघाची तीन अक्षरं, वर्ष-महिना-दिवस आणि एक शून्य असतं. एका दिवसात दोन सामने असतील तर शून्याऐवजी १ किंवा २. मार्क व्हाइटनचे ७ सप्टेंबर १९९३ चे चार होमरन आणि १२ आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर आलेल्या धावा) ‘२’ वाल्या पानावर आहेत. एकेका चेंडूची अक्षरं (बॉलला, म्हणजे स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेरच्या चेंडूला बी, बॅट फिरवूनही हुकलेल्या स्ट्राइकला एस, रेषेबाहेर गेलेल्या फाउलला एफ, बॅटला लागून मैदानात गेलेल्याला एक्स) १९८८ पासूनच भरवशाने मिळतात. हॅडिक्सच्या पानावर त्यांची अपेक्षा धरू नका. आणि फोनवर वाचू नका. तक्ते रुंद आहेत, रकान्याच्या नावावर बोट लागलं की क्रमच बदलतो.

खेळाडूच्या पानावरच्या गेम लॉगमध्ये हाच क्रम बदलणं कामी येतं: ‘जीएससी’वर टिचकी मारा, सगळ्यात मोठे स्कोअर वर आणा आणि त्यातले ‘एल’ म्हणजे हरलेले सामने बघा. सगळ्या पिचरांमधून एकदम शोधायचं तर स्टॅटहेड ही सशुल्क सेवा लागते. आधी फुकटातलं पुरतं वापरून घ्यावं.

खरी उणीव वेगळी आहे. गेम स्कोअर फक्त सामना सुरू करणाऱ्या पिचरला मिळतो. २०१४ च्या प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या १८ इनिंगच्या सामन्यात युसमेरो पेटिटने मधेच येऊन सहा इनिंगमध्ये एकच हिट दिला. त्याचा रकाना कोरा. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात बॉस्टनच्या नेथन इव्होल्डीचंही तेच. तिथे ‘डब्ल्यूपीए’ (खेळाडूमुळे संघाची जिंकण्याची शक्यता किती वाढली-घटली ते सांगणारा आकडा) बघायला जाल तर त्याच्यावर बसलेल्या शेवटच्या होमरनची मोठी घट आधीची मेहनत झाकून टाकते. म्हणून बाराव्यापासून एकेक ओळ वाचा. तेराव्यात बॉस्टन पुढे होतं, दोन आउट झाले होते आणि दुसरा बेसमन इयन किन्सलरची फेक चुकली आणि बरोबरी झाली. तिथून इव्होल्डी अठराव्यापर्यंत टाकत राहिला, एकूण ९७ चेंडू.