ऑनलाइन बुलेट पुलर घेताना मला कसं गंडवलं

ओहायोत राहून घरी काडतुसं भरणारी मराठी माणसं फार नसतील. पण अमेरिकेत जी कोणी या छंदात आहेत, त्यांनी बुलेट पुलरची, म्हणजे भरलेल्या काडतुसातून गोळी उपसून काढायच्या अवजाराची, ही गोष्ट वाचावी. भारतातल्या वाचकांना आधीच सांगतो: तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा यातलं काही करून बघायला जाऊ नका. इथे स्वतःच्या वापरापुरती भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायची म्हटली की लागतो.

ऑफिसातल्या एका मित्राने छंद सोडला आणि कॅलिफोर्नियाला जाताना स्वतः भरलेली काडतुसं लोखंडी डब्यात घालून माझ्या गळ्यात मारली. .३०८ रायफलची, ९ मिलिमीटर पिस्तुलाची, थोडी .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची. डब्यावर ना पावडरचं (आतल्या दारूचं) नाव, ना वजन, ना तारीख. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. ९ मिलिमीटरला काही पावडरी इतक्या थोड्या लागतात की चुकून दुप्पट पडली तरी केस (काडतुसाचं पितळी कवच) ओसंडत नाही, आणि एकदा गोळी बसली की बाहेरून काही कळायला मार्ग नाही. पावडर पडलीच नसेल तर नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे केसच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीच्या, जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते. त्यामागून दुसरी झाडली की नळी फुगते नाहीतर फाटते. मित्राच्या ९ मिलिमीटरमधल्या काही गोळ्या तर अंगठ्याने दाबल्या की आत सरकत होत्या. गोळी आत गेली की पावडरीला जागा कमी उरते आणि दाब भलताच वाढतो. म्हणजे उडवणं बाद. पण पितळी केसेस चांगल्या होत्या आणि .३०८ च्या गोळ्या महागातल्या. त्या उपसून वाचवायच्या, बाकी टाकून द्यायचं.

गोळी उपसायची अवजारं मुख्यतः दोन प्रकारची. एक हातोडीसारखं. पोकळ डोक्यात काडतूस उलटं अडकवायचं, मागून टोपण फिरवून बसवायचं आणि कठीण जागी आपटायचं. हातोडी थांबते, कॉलेटने, म्हणजे आतल्या पकडीने, धरलेली केस थांबते, जड गोळी मात्र आपल्या वेगाने पुढे निघून जाते आणि तिच्यामागून पावडर. दुसरा प्रकार रीलोडिंग प्रेसमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या दाबयंत्रात, बसतो, त्याच्या साच्यांसारखाच (डाय) आट्यांवर फिरवून. त्यातली कॉलेट गोळीला आवळते आणि प्रेसचा दांडा खालीवर करून केस खाली ओढून घेतली जाते. आवाज नाही, पावडर केसमध्येच राहते, गोळीचं टोक शाबूत. पण प्रत्येक कॅलिबरला (गोळीच्या मापाला) वेगळी कॉलेट विकत घ्यावी लागते, आणि केसबाहेर जेमतेम डोकावणारी शिशाची आखूड गोळी तिच्या पकडीत येत नाही, आली तर चेपते. माझ्याकडच्या .३८ च्या गोळ्या नेमक्या तशा, केसच्या तोंडाशी सपाट. म्हणून हातोडी मागवली.

पंचवीस-तीस डॉलरची वस्तू. पानावर एका नावाजलेल्या कंपनीच्या हातोडीचा फोटो, अ‍ॅल्युमिनियमची मूठ, तीन मापांच्या कॉलेट, हजारोंनी रिव्ह्यू आणि साडेचारच्या वर तारे. किंमत बाजारभावापेक्षा दोन-तीनच डॉलर कमी. फार स्वस्त दाखवलं की माणूस सावध होतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

आलं ते असं. खोक्यावर कंपनीचं नावच नाही. मुठीला चंदेरी रंग. नखाने खरवडला तर खाली काळं प्लॅस्टिक आणि वरपासून खालपर्यंत साच्याची शिवण. कॉलेट म्हणजे तीन तुकड्यांची चकती, रबरी रिंगने बांधलेली. तिन्ही तुकडे एका पातळीत बसायला हवेत. यात बोट फिरवलं तर पायरी लागत होती. तीन कॉलेटपैकी दोन व्हर्नियरने मोजल्या तर एकाच मापाच्या निघाल्या! .३०८ च्या केसची कड साधारण १२ मिलिमीटर व्यासाची असते, ९ मिलिमीटरची १० च्या आसपास. दोन्हींना एकच कॉलेट कशी चालेल?

सगळ्यात वाईट होता तो आतला कागद. त्यावर चित्रासकट लिहिलं होतं की हे अवजार .२२ एलआर या छोट्या काडतुसालाही चालतं. इथे मात्र माझं डोकं फिरलं. खऱ्या कंपन्या '.२२ पासून .४५ पर्यंत' असं छापतात ते गोळीच्या व्यासाबद्दल, आणि तेही फक्त सेंटरफायरसाठी, ज्यात प्रायमर केसच्या बुडाच्या मधोमध असतो. .२२ एलआर हे रिमफायर. त्यात ठिणगीचा मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो, आणि कॉलेट धरते ती तीच कड. ती धरून आपटायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. एखादं नवखं पोर तो कागद खरा मानून बसलं तर?

मी कुठलंही नवं अवजार आधी डमीवर चालवून बघतो, ज्यात प्रायमर नाही आणि पावडरही नाही. डमी घातली, टोपण आवळलं, ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर आपटली. गोळी निघायच्या ऐवजी अख्खी डमीच कॉलेटमधून सुटून हातोडीच्या डोक्यात खुळखुळायला लागली. जिवंत काडतूस असतं तर तेही असंच आत मोकळं पडलं असतं. .३०८ ची डमी निदान धरून राहिली, पण थोड्याच ठोक्यांत डोक्याच्या मानेपाशी पांढरी रेघ उमटली आणि पुढच्या ठोक्याला कपचा उडून माझ्या गॉगलवर आपटला. खऱ्या हातोडीचं प्लॅस्टिकही कधीतरी तडकतं, नाही असं नाही. पण ते वर्षानुवर्षांच्या आपटाआपटीनंतर.

मग रिव्ह्यू जुन्यापासून वाचत आलो तेव्हा मेख कळली. सुरुवातीचे शेकडो रिव्ह्यू लसूण ठेचायच्या यंत्राचे! 'सालं पटकन निघतात', 'आईला फार आवडलं'. जुन्या वस्तूच्या पानावर नवीन वस्तू चढवायची आणि तिचे तारे आयते घ्यायचे, अशी ही युक्ती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये याच प्रकाराबद्दल एका जीवनसत्त्वं विकणाऱ्या कंपनीकडून ६ लाख डॉलर वसूल केले होते. विक्रेत्याचं नाव म्हणजे अक्षरांची भेळ, पत्त्याचा पत्ता नाही. जून २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे अशा बाजारात वर्षाला २० हजार डॉलरच्या वर विक्री करणाऱ्याचं नाव आणि संपर्क ग्राहकाला दिसायला हवा. इथे काही दिसत नव्हतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर लगेच, आणि किती गोड! 'प्रिय मित्रा, वस्तू ठेवून घे, वीस टक्के परत देतो.' नको म्हटलं. मग चाळीस टक्के. मग पन्नास, पण रिव्ह्यू टाकू नकोस या अटीवर. खोक्यात एक कार्डही होतंच: पाच तारे दे, दहा डॉलरचं गिफ्ट कार्ड मिळव. सगळे पैसे हवेत म्हटल्यावर भाषा बदलली. वस्तू आपल्या खर्चाने चीनला पाठवायची, आणि तो खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त. मी टाकलेला एक ताऱ्याचा रिव्ह्यू काही दिवसांत गायब झाला. कारण दिलं की तो 'वस्तूबद्दल नसून विक्रेत्याबद्दल' आहे. संकेतस्थळाचा मदत कक्ष मला परत विक्रेत्याकडे पाठवी आणि विक्रेता मदत कक्षाकडे. सरकारी कचेरीतली 'उद्या या' ही म्हण इथेही जिवंत आहे म्हणायची.

शेवटी क्रेडिट कार्डाच्या कंपनीकडे तक्रार केली आणि पैसे आले. वस्तू ठरल्याप्रमाणे आली नाही तर कार्डावरच्या रकमेला लेखी हरकत घेता येते, पण ती रक्कम ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आली त्यापासून ६० दिवसांच्या आत. विक्रेत्याचं 'उद्या बघतो' चालतं ते हे दिवस घालवण्यासाठीच, असं माझं मत झालंय. पानाचा फोटो, आलेल्या वस्तूचा फोटो आणि मोजमापं शेजारी शेजारी लावून पाठवली, तेव्हा कार्डवाल्यांनी फारसे प्रश्न विचारले नाहीत. डेबिट कार्डाने किंवा झेल (Zelle) सारख्या थेट बँकेतून पैसे पाठवायच्या सेवेने पैसे दिले असते तर इतक्या सहज परत आले असते असं वाटत नाही.

आता हातोडी गावातल्या बंदुकीच्या दुकानातून आणली. काउंटरवरच खोकं उघडायला लावलं, तीनही कॉलेट मोजल्या, टोपण पूर्ण फिरवून आटे पाहिले. दुकानदार वैतागला नाही, उलट त्यानेच सांगितलं की डोक्याच्या तळाशी फोमचं इअरप्लग टाकलं की गोळीचं टोक चेपत नाही. .३०८ साठी प्रेसवरचा कॉलेट पुलर वेगळा घेतला. तेवढी सगळी काडतुसं हातोडीने काढायची तर मनगट हातात आलं असतं.

गोळ्या आणि केसेस वाचल्या. केसेसमध्ये प्रायमर अजून जिवंत आहेत, म्हणून त्या वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून ठेवल्यात. पावडर मात्र एक दाणासुद्धा परत वापरलेली नाही, कारण रंगावरून किंवा दाण्यावरून पावडर ओळखता येत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो. आणि तो विक्रेता अजून आहे. नाव बदललंय, फोटो तोच. पानावर '.२२ एलआरलाही चालतो' असं दिसलं की पुढे वाचूच नका, तक्रारीचं बटण दाबा.