एका क्वार्टरमध्ये चार फ्लँक: ओहायोत बीफ घेताना आम्ही कसे फसलो

मी मूळची वसईची, कॅथलिक घरातली. नाताळात घरी बीफ शिजणं हे आमच्याकडे लहानपणापासूनचं. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली (गाईच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्यानं होतीच), तेव्हापासून आईकडे म्हशीचंच येतं. अमेरिकेत, ओहायो राज्यात संसार थाटल्यावर आम्ही ठरवलं की बीफ खायचं तर कुरणात चरलेल्या जनावराचं खायचं, आणि तेही जवळपासच्या शेतकऱ्याकडून घ्यायचं. त्या नादात गेल्या वर्षी आमचे 1080 डॉलर गेले. इथं आपली बरीच मंडळी आता असं थेट शेतावरून घेऊ लागली आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

शनिवारच्या बाजारात एक गृहस्थ बर्फाची पेटी आणि फोटोंचा अल्बम घेऊन बसायचे. हिरवं कुरण, काळी जनावरं, नातवंडं कुंपणावर बसलेली. बोलायला अतिशय गोड. ‘धान्याचा दाणा आमच्या जनावराच्या तोंडाला लागत नाही,’ म्हणाले. क्वार्टर, म्हणजे जनावराचा चौथा हिस्सा, 6 डॉलर पौंडानं, कापायची मजुरी धरून. दुकानात गवतावरच्या बीफचा नुसता खिमासुद्धा याहून महाग मिळतो. मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं मान डोलावली. 300 डॉलर तिथंच मोबाईलवरून त्यांच्या खात्यात पाठवले. शेत बघायला येऊ का विचारलं, तर बाहेरच्या माणसांमुळे जनावरांना रोग लागतो, म्हणून कुणाला आत सोडत नाही म्हणाले. मला ते पटलं. पटायला नको होतं.

इथं पहिली गोष्ट सांगते, कारण पुष्कळ जण इथंच गोंधळतात. हा भाव हातात येणाऱ्या मांसाचा नसतो, हँगिंग वेटचा असतो. जनावर कापून, कातडं, डोकं, आतडी काढून जे धड हुकाला लटकवतात, त्याचं वजन. 1200 पौंडांच्या जिवंत जनावराचं ते 700 च्या आसपास भरतं. पुढं हाडं, चरबी, सुकण्यातली घट जाऊन त्यातलं साठ-पासष्ट टक्के घरी येतं, सगळं बिनहाडाचं करून मागितलं तर आणखी कमी. यात लबाडी नाही, प्रामाणिक शेतकरीही असाच हिशेब करतात आणि आधी समजावून सांगतात. लबाडी होते ती त्या वजनाचा कागद न दाखवण्यात. आम्हाला फोनवर सांगितलं, ‘तुमचं जनावर 720 भरलं, तुमच्या वाट्याला 180.’ बाकीचे 780 डॉलर मी त्याच दिवशी पाठवले.

सोमवारी जनावर कापलं म्हणाले आणि गुरुवारी खोकी दारात. सगळं दगडासारखं गोठलेलं. मला तर कौतुकच वाटलं, किती तत्पर माणूस! आता कळतं की धड आधी थंड व्हावं लागतं, मग कसाईखान्याच्या शीतगृहात बहुतेक ठिकाणी आठवडा-दोन आठवडे टांगून ठेवतात, त्यानंच मांस मऊ होतं आणि चव येते. सोमवारचं जनावर गुरुवारी पाकिटात, कडक गोठून दारात, हे ऐकूनच थांबायला हवं होतं.

खोकी आम्ही न्हाणीघरातल्या काट्यावर मोजली. 79 पौंड. किलोत सांगायचं तर 36 सुद्धा नाही. शंभराच्या वर यायला हवं होतं. त्यातला 52 पौंड खिमा. सूपाची हाडं नाहीत, नळी नाही, काळजाचा तुकडा नाही, हे सगळं मी आवर्जून मागितलेलं. पौंडाला साडेतेरा डॉलरच्या वर पडलं. तरी मी स्वतःची समजूत घालत होते की बिनहाडाचं आहे, घट जास्त झाली असेल.

माझा दीर त्यातला अर्धा भाग घेणार होता. पाकिटं वाटून घेताना त्यानं चार चपटे लांब तुकडे बाजूला काढले आणि विचारलं, ‘वहिनी, हे चारही फ्लँक आपल्याच क्वार्टरमधले?’ मी हो म्हटलं. तो इथं शिकताना दोन वर्षं मांसाच्या दुकानात कामाला होता. त्यानं टेबलावर चारही तुकडे ओळीनं मांडले. फ्लँक म्हणजे पोटाच्या खालच्या भागातलं लांब धाग्यांचं मांस. जनावराच्या एका बाजूला एकच असतं, अख्ख्या जनावरात दोन. चौथ्या हिश्श्यात फार तर एक येईल. आमच्या टेबलावर दोन जनावरांचे फ्लँक होते.

मग त्यातल्या एका पाकिटावर शेताच्या नावाचा तपकिरी कागद बर्फानं भिजून एका कोपऱ्यात सुटला होता, तो त्यानं नखानं हळूच सोलला. खाली प्लॅस्टिकवर छापलेला सरकारी तपासणीचा गोल शिक्का, आत कारखान्याचा क्रमांक. केंद्रीय कृषी खात्याच्या मांस तपासणी विभागाकडे या सगळ्या क्रमांकांची यादी असते आणि ती कुणालाही बघता येते. क्रमांक निघाला नेब्रास्कातल्या एका मोठ्या कारखान्याचा. चाळीस मैलांवरचं कुरण म्हणून आम्ही घेतलं ते कुठलं तरी घाऊक बाजारातलं बीफ होतं, वर कागद चिकटवलेलं. त्या क्षणी मला पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं की मुलांना मी अल्बममधली ती जनावरं दाखवून सांगितलं होतं, बघा, हे आपलं.

ग्रास-फेड, म्हणजे गवतावर वाढलेलं, या शब्दावर भरवसा ठेवू नका असं मी म्हणत नाही, पण त्यात काय बसतं ते माहीत असू द्या. इथलं जवळजवळ प्रत्येक वासरू पहिले काही महिने गवतावरच वाढतं, नंतर बहुतेक जनावरं गोठवाड्यात मक्यावर जातात. म्हणून विचारायचं ते ‘ग्रास-फिनिश्ड, म्हणजे शेवटपर्यंत गवतावरच वाढवलेलं आहे का, शेवटचे सहा महिने काय खाल्लं, हिवाळ्यात काय घातलं’ असं. सरकारचं ग्रास-फेडचं स्वतंत्र मानक जानेवारी 2016 मध्ये मागे घेतलं गेलं, तेव्हापासून दावा करणाऱ्याच्या कागदपत्रांवरच बरंचसं अवलंबून असतं. चरबी पिवळसर असली की गवताचंच, हेही ठाम धरू नका. गवतातल्या कॅरोटीननं पिवळेपणा येतो खरा, पण जातीनं आणि ऋतूनंही तो बदलतो.

शेत बघू न देणाऱ्याकडून घेऊ नका. जनावर कुठल्या कसाईखान्यात जाणार ते आधीच विचारा आणि त्या कसाईखान्याला स्वतः फोन करा. तुकडे कसे हवेत हे सहसा तेच तुम्हाला विचारतात, विक्रेत्यानं मधे राहायचं काही कारण नसतं. वजनाची चिठ्ठी त्यांच्याकडून घ्या आणि उरलेली रक्कम ती बघितल्यावरच द्या. एक आणखी: जनावर जिवंत असतानाच हिस्सा विकून ते साध्या, सरकारी तपासणी नसलेल्या कसाईखान्यात कापलं, तर पाकिटांवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो. तो बघून घाबरू नका, तो नियमानंच असतो.

आम्ही फोन केला तेव्हा त्या गृहस्थांनी आधी पाकिटं बदलली असतील म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. बाजारात ती जागा आता रिकामी असते. खात्यावर पाठवलेले पैसे बँकेला परत आणता आले नाहीत, कारण ते आम्ही स्वतःहून पाठवले होते. राज्याच्या अॅटर्नी जनरलकडच्या ग्राहक विभागात आणि शेती खात्याच्या मांस तपासणी विभागात तक्रार दिली आहे. तिथल्या बाईंनी फोटो मागवून घेतले आणि पाकिटं तशीच ठेवा म्हणाल्या. म्हणून तो अर्धवट सोललेला कागद आणि ते चारही फ्लँक आमच्या फ्रीझरच्या तळाशी, वेगळ्या पिशवीत, तारीख घालून ठेवले आहेत.