प्रदर्शनातला स्टॉल की कार्यालयाची ओळख?

घरून लग्नाचे केक करत असाल, तर ऑर्डरींसाठी प्रदर्शनात स्टॉल घ्यावा की मंगल कार्यालयांशी ओळख वाढवावी? सांगलीत तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. म्हणून ब्रायडल, म्हणजे लग्नाच्या खरेदीच्या, प्रदर्शनात स्टॉल घ्यायचाच, तर दिवाळीआधीचा घ्या. ऐन हंगामात येणाऱ्यांचं बहुतेक बुकिंग उरकलेलं असतं.

खर्च म्हणजे नुसतं भाडं नव्हे. डमी (नुसता दाखवायचा) केक, चवीचे तुकडे, मदतनीस आणि त्या दिवसांत नाकारलेल्या ऑर्डरीही धरा. समजा एकूण 15,000 रुपये गेले आणि केकमागे 1,500 सुटतात, तर 10 ऑर्डरींनंतर कुठे फायदा सुरू. डमी थर्माकोलवर फॉन्डंट (साखरेचा लाटलेला थर) चढवलेलाच ठेवा. उकाड्यात क्रीमची फुलं संध्याकाळपर्यंत खाली सरकतात. लोक थांबतात, चव घेतात, ‘एगलेस आहे ना?’ विचारतात आणि पुढच्या मेंदीच्या स्टॉलवर जातात. तारीख आणि नंबर तिथेच लिहून घेतला नाही तर ते गिऱ्हाईक गेलंच.

दुसरी वाट विश्रामबाग-मिरजेकडच्या मंगल कार्यालयांचे मॅनेजर, डेकोरेटर, फोटोग्राफर यांच्या ओळखीची. एक नमुन्याचा केक पुरतो. काम सावकाश येतं, पण तारीख, हॉल आणि पाहुण्यांचा आकडा घेऊनच येतं.

घरून केक करणाऱ्या ताईंनी आधी हीच वाट धरावी, असं मला मनापासून वाटतं. एका दिवशी तीन-चार मोठे केक पोचवायची ताकद असेल, तर स्टॉल जरूर घ्या.