कॅरॅव्हॅन ट्रेलर ओढायला इसुझु व्ही-क्रॉस: आपल्या खान्देशातल्या रस्त्यांवर कशी आहे

आधी एक सांगतो भाऊ, कॅरॅव्हॅन ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) ओढायला गाडी घ्यायची तर शोरूमला जाऊन बीएचपी (इंजिनाची ताकद) किती ते विचारत बसू नका, ते सगळ्यात शेवटी. पहिले ट्रेलरचं भरलेलं वजन काढा. बनवणारा सांगतो ते रिकाम्या डब्याचं, त्यात १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की सरळ १०० किलो वाढले, घरगुती गॅसचं भरलेलं सिलिंडर ३० किलोच्या आसपास, मग एसी, बॅटरी, गाद्या, भांडी, आणि घरातली मोठी माणसं सोबत असली की कळण्याचं पीठ पण घरचंच लागतं. आमचा एकाच एक्सलचा ट्रेलर भरून १२०० किलोच्या घरात जातो.

वजन करायला आपल्याकडे जिनिंगवरचा काटा आहेच, कापसाचा सीझन नसला की काटेवाला निवांत असतो. गाडी सोडवून एकटा ट्रेलर पूर्ण काट्यावर घ्या, पावती घ्या. मग पुढची जॉकी (ट्रेलरचं तोंड टेकवायचं छोटं चाक) काट्याच्या बाहेर आणि चाकं काट्यावर राहतील असा सरकवा, दुसरी पावती. दोन्हीतला फरक म्हणजे हुकवर पडणारा भार, तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पाहिजे, म्हणजे आमचा १२० ते १८० किलो. कमी पडला तर हायवेला ट्रेलर मागून डोलायला लागतो, जास्त झाला तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात. आणि हा भार गाडीच्या पेलोडमधूनच (गाडी स्वतःवर जेवढं वजन घेऊ शकते त्यातूनच) वजा होतो बरं का! पाच माणसं आणि सामान बसवून किती उरतं ते बघूनच गाडी ठरवा.

आता व्ही-क्रॉस, इसुझुची पिकअप. १.९ लिटर डिझेल, ताकद १६३ पीएस, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर ३६० एनएम. कागदावर टोयोटाची हायलक्स पुढे आहे, २.८ लिटरचं इंजिन आणि ऑटोमॅटिकला ५०० एनएम, पैसे असतील आणि ट्रेलर मोठा असेल तर तीच घ्या. पण आमच्या वजनाला व्ही-क्रॉस पुरते. मला आवडली ती हिची लांबी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ३०९५ मिलीमीटर, त्यामुळे बाजूने ट्रक सपाट्याने गेला तरी ट्रेलर गाडीला हलवत नाही. थारचा (तीन दरवाजावाली) व्हीलबेस २४५०, ताकद आहे पण एवढा ट्रेलर मागे लावायला मी सांगणार नाही. स्कॉर्पिओ-एन २७५०, लॅडर फ्रेम (बॉडीखाली ट्रकसारखी वेगळी मजबूत चेसिस), हलका ट्रेलर असेल तर चांगला पर्याय आणि सर्व्हिस पण सगळीकडे. एक्सयूव्ही ७०० ला लॅडर फ्रेम नाही, त्या कामाला ती गाडीच नाही.

चढायचं टेन्शन घेऊ नका, शहाद्याहून तोरणमाळला जाताना वळणं टाईट आहेत पण दुसऱ्यावर निघते, मे महिन्यात भुसावळकडे ४५ डिग्री असताना एसी लावून पण टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही. खरी परीक्षा उतरताना. सेंधव्याहून येताना बिजासन घाट उतरून पळासनेरकडे यायचं तर वरूनच लहान गिअर टाका, इंजिनवर गाडी धरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ते तापून धरायचे बंद होतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक पाहिजेतच, यावर मी कुणाचं ऐकणार नाही, घरचे लोक बसलेले असतात त्या गाडीत. आणि ट्रेलर डोलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, स्पीड उतरली की तो आपोआप शांत होतो.

मायलेज पार पडतं, तेवढं धरूनच चला. सव्वापाच मीटरची गाडी आणि मागे ट्रेलर, जळगावच्या फुले मार्केटकडे न्यायची नाही, पण सारंगखेड्याच्या यात्रेला दत्तजयंतीच्या दिवसात तापीकाठी मुक्काम टाकायला हिच्यासारखं सुख नाही, लेकरं, म्हातारे सगळे आरामात झोपतात.

हुक चेसिसला बोल्टने बसवलेला घ्या, बंपरला वेल्डिंग करून देणारे बरेच आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. सेफ्टी चेन दोन, खालून क्रॉस करून. ट्रेलरचं पासिंग आणि नंबर वेगळा लागतो, ट्रेलर बनवायला टाकायच्या आधीच आरटीओत जाऊन विचारा. आणि बुकिंगला जाताना काट्याच्या दोन्ही पावत्या सोबत न्या, सेल्समन "ओढेल ना साहेब" म्हणाला की पेलोड आणि ओढायची लिमिट लेखी मागा.